खिशातला मोबाईल आणि सदसद्विवेकबुद्धी

प्रायश्चित्त संस्कारास जाण्यापूर्वी आपण आत्मपरीक्षण करतो. दहा आज्ञा एकेक करून डोळ्यांसमोर आणतो आणि आपल्या हातून काय घडले, काय राहून गेले, ते आठवतो. त्या आठवणींत ‘विमानात मोबाईल चालू ठेवला’ ही नोंद आपल्यापैकी कोणाच्या मनात कधी आली असेल, असे आम्हांस वाटत नाही. आमच्याही मनात ती आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून जळगावास येणाऱ्या एका छोट्या विमानात ती आमच्या पदरी पडली आणि तेव्हापासून हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही.

खानदेशातील धर्मग्रामांना विमानाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आमच्या पिढीचा प्रवास म्हणजे भुसावळची गाडी. आणि धुळ्याच्या लोकांना तर तीही सरळ नव्हती, आधी चाळीसगाव गाठावे लागे. परंतु २०१२ साली तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली मुंबईहून वीस जणांनाही न पुरणारे एक लहानसे विमान तेथे येऊ लागले. मग ते बंद पडले. मग दुसऱ्या कंपनीचे सत्तरेक आसनांचे, दोन पंख्यांचे विमान आले. तेही बंद पडले. पुन्हा सुरू झाले. धुळ्याला प्रवासी विमान नाही, पण तेथील गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी उडण्याचे धडे घेत आले आहेत, आणि त्या घिरट्या पाहून आमच्या बालयेशू वर्गातील निम्मी मुले मोठेपणी वैमानिक व्हायचे म्हणतात. तेव्हा विमान आता आपल्याही अंगणातले झाले आहे. ज्यांची मुले आखातात वा पुण्या-बंगळुरास आहेत, त्या कुटुंबांना तर ते एस.टी.इतकेच परिचयाचे आहे.

त्या दिवशी आम्ही मुंबईस एका सभेसाठी गेलो होतो. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, भुसावळला घरी अत्यवस्थ होते. त्यांच्या मुलीने सकाळीच सांगितले होते, “फादर, बाबांचं काही सांगता येत नाही. तसं काही झालं तर मी लगेच फोन करीन.” रात्रीच्या गाडीपर्यंत थांबणे बरे नव्हे म्हणून कोणा हितचिंतकाने विमानाचे तिकीट काढून दिले. विमानात बसल्यावर नेहमीची सूचना झाली: मोबाईल बंद करा अथवा फ्लाइट मोडवर ठेवा. आम्ही मोबाईल बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिले, घंटीचा आवाज तेवढा बंद केला आणि तो झग्याच्या आतल्या खिशात ठेवून दिला. बाकी काही केले नाही. एक मनुष्य मरणाच्या दारी असताना विमान कंपनीच्या सूचनेचे ते काय मोल, असे आम्ही मनाशी म्हटले. शब्बाथाच्या दिवशी कणसे मोडणाऱ्या शिष्यांची बाजू प्रभूने घेतली होती, हेही आम्हांस फार सोयीस्करपणे आठवले.

विमान जळगावजवळ खाली येऊ लागले. केळीच्या बागांचे चौकोन दिसू लागले. हवाई सेविका दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तपासून झाल्यावर आपल्या आसनाकडे परतत होती. नेमक्या त्याच क्षणी आमच्या छातीशी मोबाईल थरथरला, एकदा नव्हे, दोनदा. पंख्यांच्या घरघरीतही तो आवाज तिने ऐकला. ती थांबली आणि आमच्या रांगेकडे वळली. खिडकीशी आम्ही होतो, पांढऱ्या झग्यात; आमच्या शेजारी वीस-बावीस वर्षांचा एक तरुण, हातात इअरफोनची तार गुंडाळलेला. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. ती त्या तरुणाला म्हणाली, “सर, फोन बंद कीजिए।” तो म्हणाला, “बंद ही है मॅडम,” आणि त्याने मोबाईल काढून दाखविला. तिचे समाधान झाले नाही. “सर, मैंने आवाज़ सुनी है। प्लीज़।” पुढच्या रांगेतील दोघेतिघे मागे वळले. मुलाचा चेहरा लाल झाला. त्याने बंद असलेला मोबाईल तिच्या देखत पुन्हा एकदा बंद केला.

आम्ही खिडकीतून बाहेर पाहत होतो.

हे सारे अर्ध्या मिनिटात आटोपले. चाके जमिनीला टेकली. आम्ही घाईघाईने मोबाईल काढून पाहिला. गार्डसाहेबांच्या मुलीचा निरोप नव्हता. रिचार्जची मुदत संपत आल्याची जाहिरात होती. गार्डसाहेबांना त्या दुपारी शेजारच्या धर्मग्रामाच्या फादरांनी येऊन रुग्णाभ्यंगाचा संस्कार दिला होता आणि ते गाढ झोपले होते. तो तरुण आपली बॅग उचलून आमच्या आधी उतरून गेला.

आता प्रथम विमानाचेच पाहू. कारण या विषयावर बोलताना दोन्ही बाजूंची माणसे बहुधा अज्ञानावर बोलतात. मोबाईलच्या लहरी दुसऱ्या यंत्रात घुसतात की नाही, याचा अनुभव देवळात येणाऱ्या प्रत्येकाने घेतला आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रवचन चालू असताना वेदीजवळच्या कोणाच्या तरी खिशातील मोबाईलला फोन येऊ लागला की तो वाजण्याच्या आधीच ध्वनिक्षेपकातून ‘टर्र टर्र टर्र’ असा आवाज येई, आणि सारे जण आमच्या वेदीसेवकांकडे रोखून पाहत. (दोष बहुतेक वेळा गायनवृंदाच्या पेटीवाल्याचा असे.) वैमानिकाच्या कानावरही तसलेच यंत्र असते, आणि तेव्हाच्या मोबाईलांनी तेथेही हाच आवाज केला आहे.

हा प्रश्न मोबाईलपेक्षाही जुना आहे. १९६०च्या दशकात लोक खिशात मावणारे एफ.एम. रेडिओ घेऊन विमानात बसू लागले. रेडिओ नुसता ऐकतो अशी आपली समजूत असते. पण ऐकण्यासाठी तो आतल्या आत स्वतःचीही एक क्षीण लहर निर्माण करतो, ऐकावयाच्या लहरीपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वरची. म्हणजे कोणी १०० मेगाहर्ट्झवरचे गाणे लावले, तर रेडिओतून ११०.७ची लहर बाहेर पडते. आणि विमानाला दिशा दाखविणाऱ्या जमिनीवरील केंद्रांची भाषा चालते १०८ ते ११८ या पट्ट्यात. संगीत ऐकणाऱ्याला कल्पनाही नसताना त्याचा रेडिओ वैमानिकाच्या कानात कुजबुजू शकत होता. म्हणून १९६६ साली अमेरिकेने नियम केला आणि श्रवणयंत्र, पेसमेकर, विजेवरचे दाढीचे यंत्र अशा मोजक्या वस्तूंना सूट दिली. आपल्याकडे १९३७च्या विमान नियमांत ‘२९ ब’ हा नियम याच कारणासाठी घातला गेला.

मग मोबाईल आले. २००३ साली ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने विमानातील जुन्या धाटणीची यंत्रे प्रयोगशाळेत मांडून त्यांच्यावर मोबाईलसारख्या लहरी सोडल्या. तेव्हा होकायंत्राचा काटा अडकणे, दिशादर्शक चुकणे असले प्रकार आढळले. त्याच वर्षी जून महिन्यात न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चजवळ एक छोटे विमान धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर आदळले आणि दहांपैकी आठ जण दगावले. जमीन दिसत नसताना वैमानिकाने विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आणले, हे त्याचे कारण. परंतु त्याचा स्वतःचा मोबाईल त्या वेळी जोडलेला होता आणि त्यामुळे यंत्रांनी चुकीचे दाखविले असण्याची शक्यता चौकशी अहवालाने नमूद केली. याउलट २००० सालच्या जानेवारीत झुरिचजवळ पडलेल्या विमानाच्या बाबतीत प्रथम मोबाईलवर बोट ठेवले गेले, पण चौकशीअंती तो निर्दोष ठरला. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २००३ ते २००९ या काळातील वैमानिकांच्या तक्रारी तपासल्या, तेव्हा प्रवाशांच्या यंत्रांचा संशय घ्यावा असे ७५ प्रसंग निघाले. संशय, सिद्धता नव्हे. कोट्यवधी उड्डाणांत पंचाहत्तर.

एक प्रयोग मात्र आम्हांस विशेष बोलका वाटला. २००३च्या अखेरीस अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी विमान कंपन्यांची व सुरक्षा खात्याची रीतसर परवानगी घेऊन हातातल्या सामानात लहरी मोजण्याचे एक यंत्र ठेवले आणि ३७ उड्डाणांतून प्रवास केला. शेजारच्या प्रवाशांना याची वार्ता नव्हती. २००६ साली त्यांनी निष्कर्ष छापला: साधारणपणे प्रत्येक उड्डाणात एक ते चार जण चोरून मोबाईलवर बोलतात, आणि काही तर अगदी उतरण्याच्या वेळी. ज्यांना वाटत होते की आपल्याला कोणीच पाहत नाही, त्यांच्या डोक्यावरच्या कप्प्यात एक कान लावलेला होता.

पुढे विमाने आणि मोबाईल दोन्ही सुधारली. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेने, आणि एप्रिल २०१४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, फ्लाइट मोडवरील यंत्रे संपूर्ण प्रवासात वापरू देण्यास संमती दिली. २०२० साली विमानातील वायफायलाही मोकळीक मिळाली. तथापि भीती समूळ खोटी होती, असेही नाही. १९ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत नवे ५-जी मनोरे सुरू होणार म्हणून एअर इंडियाला मुंबई–नेवार्कसह काही उड्डाणे रद्द करावी लागली. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राच्या लहरी त्या मनोऱ्यांच्या लहरींच्या शेजारीच राहतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या दूरसंचार खात्यानेही कंपन्यांना बजावले, की पुणे आणि नागपूर धरून पाच विमानतळांच्या धावपट्ट्यांच्या टोकांपासून २.१ किलोमीटरच्या आत असले मनोरे नकोत.

या साऱ्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच, की आमच्या खिशातल्या त्या एका मोबाईलने त्या दिवशी विमान पडले नसते. जवळजवळ खात्रीने नसते. धुळ्याच्या युवक मेळाव्यात आम्ही हा विषय काढला, तेव्हा अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा उठून म्हणाला, “फादर, खरंच धोका असता तर मोबाईल आत नेऊच दिला नसता. नखं कापायची कात्री काढून घेतात की!” सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो, कारण उत्तर सुचले नाही.

नंतर आम्ही त्याला आकड्याचे उदाहरण दिले. रावेर-यावलकडे एका शेतकऱ्याने तारेवर आकडा टाकून मोटार चालविली, तर डी.पी. जळत नाही. दुसऱ्यानेही टाकला, तरी जळत नाही. तिसाव्या आकड्याला ती जळते आणि मग ज्याने रीतसर बिल भरले, त्याचीही केळी ऐन वैशाखात पाण्यावाचून उभी राहतात. तिसाव्या माणसाला दोषी धरावे, तर पहिल्या एकोणतीस जणांनी काय पुण्य केले? ज्याला आपण ‘माझ्या एकट्याने काय होते’ म्हणतो, ते वाक्य तीस जणांनी एकाच वेळी म्हटलेले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात याच वृत्तीवर बोट ठेवले आहे. कर चुकविणाऱ्यांच्या सोबतीने आरोग्याचे नियम आणि वाहनांची वेगमर्यादा हलक्याने घेणाऱ्यांचाही तेथे उल्लेख आहे. धर्माच्या दस्तऐवजात वेगमर्यादा! सेमिनरीत हा परिच्छेद प्रथम वाचला, तेव्हा आम्हांस गंमत वाटली होती.

तरीही आकड्याच्या उदाहरणाने त्या मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही. आकड्यांनी डी.पी. खरोखरच जळते, मोबाईलांनी विमाने पडत नाहीत. जेथे हानीच नाही, तेथे हानीची बेरीज तरी कशाची करावयाची?

येथे आमच्या सेमिनरीतील एक जुना वाद आठवतो. डॉमिनिकन संघाच्या १२३६ सालच्या नियमावलीत म्हटले होते, की संघाचे नियम मोडल्याने पाप लागत नाही, शिक्षा तेवढी भोगावी लागते. त्यावरून पुढच्या नीतिशास्त्र्यांनी एक सिद्धांत काढला: राज्यसत्तेचेही काही कायदे निव्वळ दंडाचे असतात, सापडलात तर दंड भरा, मनाला लावून घेऊ नका. आमचे पुण्यातील प्राध्यापक हा सिद्धांत मोठ्या खुबीने शिकवीत आणि शेवटी चष्मा काढून म्हणत, “हा सिद्धांत फक्त श्रीमंतांना परवडतो.” विनातिकीट प्रवास करणारे आपले कित्येक बंधू या सिद्धांताचे नाव न ऐकताच त्याचे कट्टर अनुयायी असतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी याच संदर्भात एक प्रसंग कल्पिला आहे. शहराला वेढा पडला असून वेशीचे दरवाजे बंदच ठेवावेत असा हुकूम आहे. इतक्यात शहराचे रक्षण करणारेच काही शिपाई, शत्रू पाठीवर असताना, दाराशी येतात. दार उघडावे की नाही? संत थॉमस म्हणतात, उघडावे. कारण हुकूम शहराच्या रक्षणासाठीच आहे. पण लगोलग ते एक अट घालतात. संकट तत्काळ असेल, विचारावयास सवडच नसेल, तरच. एरवी शहराच्या हिताचे काय आणि अहिताचे काय, हे ठरविणे ज्याच्या त्याच्या अखत्यारीतले नव्हे. ज्याच्याकडे तो अधिकार सोपविला आहे त्याला विचारले पाहिजे.

आमचे संकट तत्काळ होते काय? विचारावयास सवड नव्हती काय? हवाई सेविका आमच्यापासून दोन हातांवर उभी होती. “बाई, एक माणूस अत्यवस्थ आहे, मोबाईल चालू ठेवला तर चालेल का?” एवढे विचारणे शक्य होते. ती नाही म्हणाली असती, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणूनच विचारले नाही. शिवाय विमान उंच गेल्यावर मोबाईलला मनोरा सापडत नाही, वाटेत फोन येणे बहुधा नव्हतेच. चुकली असती ती उतरण्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे. दयाबुद्धीचे जे वस्त्र आम्ही त्या कृत्यावर पांघरले होते, ते इतके विरविरीत होते.

नियम करणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. वर्षानुवर्षे लोकांच्या मनात असे भरविले गेले, की एक मोबाईल चालू राहिला तर विमान कोसळेल. लोकांनी चोरून चालू ठेवला. विमान कोसळले नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की सूचना सांगणारे खोटे बोलतात. बागुलबुवा नाही हे कळले, की पोराला विहिरीचीही भीती वाटेनाशी होते. ‘धोका अगदी लहान आहे, तो नेमका किती हे आम्ही अजून तपासत आहोत, तोवर सहकार्य करा’, असे सांगितले असते, तर लोकांनी ऐकले नसते काय? काहींनी नसते ऐकले. पण ज्यांनी ऐकले असते, त्यांनी विश्वासाने ऐकले असते. आई-वडिलांनी आणि आम्ही धर्मगुरूंनीही यातून आपल्यापुरते घ्यावे असे पुष्कळ आहे.

या विचारांत असतानाच एका पहिल्या शुक्रवारी आम्ही गार्डसाहेबांकडे कम्युनियन घेऊन गेलो. ते त्या दुखण्यातून उठले होते, पण बिछान्याबाहेर येत नव्हते. आम्ही विमानातली हकिकत त्यांना जरा हसत हसतच सांगितली. तुमच्यासाठी म्हणून केले, असे सांगताना त्यांच्याकडून थोडी सुटका मिळावी, अशी अपेक्षाही असावी. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि भलताच प्रश्न विचारला.

“फादर, ती पोरगी खुर्चीत बसायच्या आधी पायलटला काही सांगते का?”

सांगते, आम्ही म्हणालो. केबिन तयार आहे, असे ती आतल्या फोनवरून कळविते.

“मग बघा,” ते उशीवर टेकत म्हणाले. “गाडी स्टेशनात आली म्हणजे आली, असं आमच्यात नसतं. मास्तर शेवटचा डबा बघतो. त्याच्यावर एल.व्ही.ची पाटी दिसली, तर गाडी अख्खी आली. मधे डबा तुटून मागं राहिला नाही. मग तो मागच्या स्टेशनाला कळवतो आणि मागचा मास्तर पुढची गाडी सोडतो. त्यानं पाटी बघितलीच नाही आणि तसंच कळवलं, तर? हजार वेळा काही होत नाही. डबे काय रोज तुटतात? पण त्या लाइनवर चालतं काय, फादर? इंजिन नाही चालत. शब्द चालतो. एकानं दुसऱ्याला दिलेला शब्द. तुम्ही त्या पोरीला खोटी लाइन क्लिअर द्यायला लावलीत.”

आम्ही गप्प झालो. जे आकड्याच्या उदाहरणात सापडले नव्हते आणि संत थॉमसांच्या वेशीपाशी जेमतेम हाती लागले होते, ते या माणसाने भुसावळ यार्डातल्या भाषेत सांगून टाकले. तिने सर्व पट्ट्या तपासल्या, सर्व रांगा पाहिल्या आणि खरे समजून वैमानिकाला सांगितले, की सर्व ठीक आहे. ते खरे नव्हते, आणि ते तिला ठाऊक नव्हते. यंत्राचा काटा कदाचित हलला नसता. पण हलला असता, तर वैमानिकाने मोबाईल सोडून बाकी सर्व कारणे शोधली असती, कारण मोबाईल बंद असल्याचा शब्द त्याला मिळालेला होता. विमानातील सत्तर माणसे त्या शब्दावर बसली होती. त्यांतल्या एकालाही न विचारता आम्ही तो शब्द पोकळ करून ठेवला.

ज्यांना नियम चुकीचा वाटला, त्यांना वाट बंद नव्हती. २०१३चा बदल घडला तो उघड मागणीतून, समित्यांतून, चाचण्यांतून. ज्यांना तो बदलच नको होता, त्या अमेरिकेतील हवाई सेविकांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २०१५ साली त्या हरल्या. दोन्ही बाजूंनी आपले म्हणणे नाव घालून मांडले. विमानातल्या विमानात कोणी “मी बंद करणार नाही” असे तोंडावर सांगितले, तर त्याला उतरविता येते, समजाविता येते. निदान वैमानिकाला काय ते कळते. चोरून चालू ठेवणारा मात्र नियमाशी वाद घालीत नाही. त्याला नियम हवाच असतो; फक्त तो इतरांसाठी.

आत्मपरीक्षण करताना ही गोष्ट आम्ही चौथ्या आज्ञेखाली शोधीत होतो, वडीलधाऱ्यांचे आणि सत्तेचे ऐकावे म्हणून. कधी पाचव्या आज्ञेखाली, कोणाच्या जिवाला अपाय करू नये म्हणून. दोन्हीकडे ती इतकी लहान दिसे, की सोडून द्यावी. ती होती आठव्या आज्ञेखाली. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष. आमचा शेजारी तर प्रत्यक्ष शेजारच्या आसनावर बसलेला होता, आणि साक्ष द्यायला आम्हांस तोंडही उघडावे लागले नाही. पांढऱ्या झग्याने ती आमच्या वतीने दिली. हवाई सेविकेने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण आमच्यासारखा माणूस असे करणार नाही, हे तिने धरून चालले होते. आणि इअरफोन बाळगणारा वीस वर्षांचा मुलगा असे करणारच, हेही.

गार्डसाहेबांनी कम्युनियन घेतले. प्रार्थना झाली. त्यांच्या मुलीने चहा आणला. आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“आणि तो मुलगा, फादर? त्याला काही सांगितलं की नाही?”

तो आमच्या आधी उतरला, आम्ही म्हणालो. सामानाच्या पट्ट्यापाशीही दिसला नाही. हे खरे होते. पण विमान थांबल्यावर दार उघडेपर्यंतची चार-पाच मिनिटे तो आमच्या खांद्याला खांदा लावून बसला होता, हे आम्ही गार्डसाहेबांना सांगितले नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी ते प्रभूच्या घरी गेले. त्या मुलाचे नाव आम्हांस ठाऊक नाही आणि चेहराही आता नीट आठवत नाही. बोटांभोवती गुंडाळलेली ती निळी तार तेवढी आठवते. जळगाव स्टेशनबाहेर किंवा धुळ्याच्या बसस्थानकावर तशी तार हातात घेतलेला कोणी तरुण दिसला, की आम्ही एकदा थांबून पाहतो.